राग धोरणाचा, खापर धर्मावर

१५ मे २००७ रोजी अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात, कोलंबिया शहरात, रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्यांची जाहीर वादचर्चा झाली. टेक्सासचे खासदार रॉन पॉल तिथे म्हणाले की ११ सप्टेंबर २००१चा हल्ला का झाला हे समजून घ्यायचं असेल तर आपण त्या भागात काय करत होतो हेही बघावं लागेल. दहा वर्षं आपण इराकवर बाँब टाकत होतो. १९५३ साली इराणमध्ये आपण केलेला हस्तक्षेप आणि पुढे तेहरानमध्ये ओलीस धरली गेलेली आपली माणसं, यांचाही धागा त्यांनी जोडून दाखवला. हल्ल्याच्या वेळी न्यूयॉर्कचे महापौर असलेले रूडी जुलियानी लगेच उसळले. असलं स्पष्टीकरण आपण कधी ऐकलं नाही, पॉल यांनी हे विधान मागे घ्यावं, अशी मागणी त्यांनी केली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पॉल यांनी विधान मागे घेतलं नाही.

टाळ्या वाजवणारे लोक निर्दयी नव्हते. तीन हजारांच्या आसपास माणसं मेली होती, आणि 'का' हा प्रश्न त्यांना 'बरं झालं' असा ऐकू येत होता. घरात कुणी मारलं गेलं असेल तर मारेकऱ्याच्या कारणांची चर्चा ऐकवत नाही, हे माणसाचं मन आहे. पण राष्ट्राचं परराष्ट्रधोरण त्या मनःस्थितीत कायमचं अडकून पडलं तर त्याची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात, आणि बऱ्याचदा ती दुसऱ्याच देशातल्या पिढ्या मोजतात.

या वादात एका बाजूचं म्हणणं असं की मुस्लिम जगाचा पाश्चात्त्यांवरचा राग त्यांच्या कृतींवर नाहीच, त्यांच्या जगण्याच्या रीतीवर आहे. २० सप्टेंबर २००१ रोजी जॉर्ज बुश यांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं की ते आपल्या स्वातंत्र्याचा द्वेष करतात. या भूमिकेला विद्वत्तेचं पाठबळही होतं. इतिहासकार बर्नार्ड लुईस यांनी १९९०मध्येच मांडलं होतं की हा राग एखाददुसऱ्या धोरणापुरता नाही, शतकानुशतकांच्या चढाओढीत मागे पडलेल्या एका संस्कृतीची ती सल आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं सर्वांत स्वच्छ शब्दांत कुणी लिहिलं असेल तर ते खुद्द पेंटॅगॉनच्या सल्लागारांनी. डिफेन्स सायन्स बोर्डाच्या २००४च्या अहवालात म्हटलं आहे की मुसलमान आमच्या स्वातंत्र्याचा द्वेष करत नाहीत, ते आमच्या धोरणांचा द्वेष करतात.

आपल्याकडे हा वाद सहसा दोन वाक्यांत निकालात निघतो. 'त्यांच्या धर्मातच आहे ते' असं एक जण म्हणतो, किंवा 'हे सगळं अमेरिकेनंच करून ठेवलंय' असं दुसरा. मी स्वतः दुसऱ्या बाजूकडे झुकतो, आणि तसं उघड सांगतो. पण त्या बाजूची बरीच मंडळी जिथे येऊन थांबतात तिथे मला थांबता येत नाही. हे नीट सांगायचं तर 'मुस्लिम जग' हा मोघम शब्द बाजूला ठेवून एका देशाकडे बघावं लागेल, आणि इराणइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

१९५०च्या सुमारास इराणच्या आखाती किनाऱ्याजवळ, अबादानला, जगातला सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना होता. मालकी अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीची, आणि त्या कंपनीत १९१४पासून ब्रिटिश सरकारचा निम्म्याहून अधिक हिस्सा. तेल इराणच्या जमिनीतलं; पण महायुद्धानंतरच्या वर्षांत कंपनी ब्रिटिश सरकारला जेवढा कर भरत होती तेवढी रॉयल्टीही इराणच्या पदरात पडत नव्हती. कंपनीच्या चोपड्या इराणी सरकारला तपासता येत नव्हत्या. डिसेंबर १९५०मध्ये अमेरिकी कंपन्यांनी शेजारच्या सौदी अरेबियाशी नफ्याच्या निम्म्या वाटणीचा करार केला. ब्रिटिश कंपनी मात्र आडमुठेपणा करत राहिली. मार्च १९५१मध्ये इराणच्या मजलिसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि एप्रिलअखेर मोहम्मद मोसादेघ पंतप्रधान झाले.

हा माणूस कोण होता हे इथे महत्त्वाचं आहे. स्वित्झर्लंडमध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवलेला, घटनेने राजाचे अधिकार मर्यादित करावेत असं मानणारा, प्रकृतीने नाजूक, बऱ्याचदा पलंगावर बसूनच परदेशी पाहुण्यांशी बोलणारा वृद्ध गृहस्थ. ब्रिटनने तक्रार केली तेव्हा तो न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेसमोर स्वतः गेला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ब्रिटनने दावा लावला, तर तिथेही इराणने आपली बाजू मांडली आणि जुलै १९५२मध्ये न्यायालयाने हा दावा आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असा निर्णय दिला. अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने १९५१चा 'मॅन ऑफ द इयर' म्हणून त्यालाच निवडलं होतं. मुस्लिम देशांत कायदा मानणारा, निवडणुकीतून आलेला, मुल्लांच्या आज्ञेत नसलेला नेता का निपजत नाही, असं पुढे दशकानुदशकं विचारलं गेलं. तेहरानमध्ये तो निपजला होता.

ब्रिटनने इराणी तेलाची जगभर कोंडी केली. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन मोसादेघांना उठावाने पाडण्याच्या कल्पनेला राजी नव्हते. जानेवारी १९५३मध्ये त्यांच्या जागी आयझेनहॉवर आले, परराष्ट्र खातं आणि सीआयए या दोन्ही जागी डलेस बंधू आले, आणि तेलाच्या भांडणाला कम्युनिझमच्या भीतीचं रूप मिळालं. थिओडोर रूझवेल्ट यांचा नातू कर्मिट रूझवेल्ट सीआयएतर्फे तेहरानमध्ये दाखल झाला. वृत्तपत्रांत पैसे पेरले गेले, खासदार आणि लष्करी अधिकारी फोडले गेले, रस्त्यावर भाड्याची गर्दी उतरवली गेली. १५ ऑगस्टच्या रात्रीचा पहिला डाव फसला आणि इराणचे राजे, म्हणजे शहा, बगदादमार्गे रोमला पळाले. चार दिवसांनी, १९ ऑगस्टला, दुसरा डाव साधला. इराणी पंचांगात ती तारीख २८ मोर्दाद आहे आणि इराणमध्ये ती आजही या नावानेच ओळखली जाते. मोसादेघांच्या घरावर रणगाडे गेले. खटला, तीन वर्षं कैद, मग मार्च १९६७मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्याच गावी नजरकैद. उठावाच्या पुढच्याच वर्षी, १९५४मध्ये, इराणचं तेल नव्या कंपनीसंघाकडे गेलं: ४० टक्के ब्रिटिश पेट्रोलियम, ४० टक्के अमेरिकी कंपन्या, उरलेलं शेल आणि फ्रेंचांकडे.

मोसादेघ निर्दोष नव्हते. शेवटच्या आठवड्यांत त्यांनी मजलिस बरखास्त करण्यासाठी सार्वमत घेतलं, तेही 'हो' आणि 'नाही'च्या मतपेट्या वेगळ्या ठेवून, म्हणजे गुप्त मतदान उरलंच नाही. पण ते सुधारायचं तर इराणी लोकांनी सुधारायचं होतं.

अमेरिकेत ही गोष्ट जवळजवळ कुणाच्या लक्षात राहिली नाही. परराष्ट्रमंत्री मॅडलीन ऑलब्राइट यांनी २०००मध्ये उठावातला अमेरिकेचा हात मान्य केला, ओबामांनी २००९च्या कैरोच्या भाषणात तो पुन्हा सांगितला, आणि सीआयएची आपली कबुली देणारी कागदपत्रं खुली झाली ती २०१३मध्ये, साठ वर्षांनी. इराणमध्ये कबुलीची वाट बघायची कुणाला गरजच नव्हती. १९५७मध्ये उभी राहिलेली सावाक ही गुप्त पोलीस संघटना, तिला मिळालेलं अमेरिकी आणि इस्रायली प्रशिक्षण, तिच्या कोठड्या, हे सगळं घरोघरी माहीत होतं.

आता पुढे इस्लामी क्रांतीचे नेते झालेल्या धर्मगुरू खोमेनींकडे येऊ, कारण 'हा धर्माचाच राग आहे' म्हणणारे त्यांच्याकडेच बोट दाखवतात. १९६२मध्ये खोमेनी स्थानिक निवडणुकांत स्त्रियांना मताधिकार देण्याच्या विरोधात उभे राहिले होते. तो विरोध धार्मिक होता, प्रतिगामी होता, यात शंका नाही. पण ऑक्टोबर १९६४मधलं त्यांचं जे भाषण देशभर पोचलं त्याचा विषय कुराण किंवा पाश्चात्त्यांचे कपडे हा नव्हता. एक कायदा हा होता. इराणमधले अमेरिकी लष्करी कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यावर इराणी न्यायालयात खटला चालवता येणार नाही, असा कायदा मजलिसने नुकताच मंजूर केला होता. खोमेनींचा युक्तिवाद असा होता: शहाने अमेरिकनाचं कुत्रं गाडीखाली चिरडलं तर शहाला जाब द्यावा लागेल, आणि अमेरिकन आचाऱ्याने शहाला चिरडलं तरी त्याला कुणी हात लावू शकणार नाही. ज्या देशात गोऱ्या आरोपीसमोर काळ्या न्यायाधीशाने बसावं की नाही यावर इल्बर्ट विधेयकाच्या वेळी १८८३मध्ये रान उठलं होतं, त्या देशातल्या वाचकाला हे भाषण समजावून सांगावं लागू नये. त्या भाषणानंतर ४ नोव्हेंबर १९६४ला खोमेनींना हद्दपार केलं गेलं.

४ नोव्हेंबर हीच तारीख पंधरा वर्षांनी पुन्हा आली. क्रांती होऊन शहा देशोधडीला लागले होते आणि २२ ऑक्टोबर १९७९ला अमेरिकेने त्यांना उपचारांसाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं. तेहरानच्या विद्यार्थ्यांना त्यात १९५३ची पुनरावृत्ती दिसली: राजा बाहेर, दूतावासात गुप्तहेर, आता डाव टाकला जाणार. ते दूतावासात घुसले. बावन्न माणसं ४४४ दिवस ओलीस राहिली. ही कृती बेकायदा होती, क्रूर होती. डोळ्यांवर पट्ट्या बांधून ज्या माणसांना कॅमेऱ्यासमोर फिरवलं गेलं त्यांच्यातल्या कुणी मोसादेघांना पाडलं नव्हतं. पण अमेरिकेच्या दिवाणखान्यांत रोज रात्री टीव्हीवर मुठी आवळलेली जी गर्दी दिसत होती, तिची गोष्ट प्रेक्षकाला त्याच वर्षी सुरू झाल्यासारखी वाटत होती. सव्वीस वर्षं त्याच्या हिशेबात नव्हती. मग उरतं एकच स्पष्टीकरण: हे लोक वेडे आहेत, त्यांचा धर्म त्यांना वेडं करतो.

धर्म कारण आहे की धोरण, याची एक कसोटी मला पटते. धर्म तोच, माणसं तीच, आणि कृत्य करणारा बदलला तर राग कुणावर वळतो ते बघायचं.

३ जुलै १९८८ रोजी इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं एअरबस विमान बंदर अब्बासहून दुबईला निघालं. अर्ध्या तासाचंही अंतर नाही. विमान आपल्या ठरलेल्या हवाईमार्गात वर चढत होतं. खाली अमेरिकी युद्धनौका विन्सेन्स इराणच्या सागरी हद्दीत शिरलेली होती आणि इराणी गनबोटींशी तिची चकमक चालू होती. नौकेवरच्या लोकांनी विमानाला खाली झेपावणारं एफ-१४ लढाऊ विमान समजून दोन क्षेपणास्त्रं सोडली. २९० माणसं मेली, त्यात ६६ मुलं. मृतांत दहा भारतीयही होते. विमान खाली येत नव्हतं, वर चढत होतं, हे पुढे अमेरिकी नौदलाच्याच चौकशीत नोंदलं गेलं. १९९६मध्ये अमेरिकेने मृतांच्या वारसांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं, खेद व्यक्त केला, कायदेशीर जबाबदारी स्वीकारली नाही. विन्सेन्सच्या कप्तानाला त्या काळातल्या सेवेबद्दल लीजन ऑफ मेरिट हे पदक देण्यात आलं. इराणमध्ये हे पदक कुणी विसरलेलं नाही.

८ जानेवारी २०२० रोजी युक्रेन इंटरनॅशनल एअरलाइन्सचं विमान तेहरानच्या विमानतळावरून उडालं आणि काही मिनिटांत कोसळलं. १७६ मृत, बहुतेक इराणी किंवा इराणी वंशाचे. पाच दिवसांपूर्वी अमेरिकेने इराणचे जनरल कासिम सुलेमानींना बगदादमध्ये मारलं होतं. इराणी सरकारने बदल्याची क्षेपणास्त्रं डागली होती आणि हवाई दल, तोफा, सगळं सज्ज होतं. तीन दिवस सरकार सांगत राहिलं की तांत्रिक बिघाड झाला. मग कबूल केलं की रिव्होल्युशनरी गार्ड्स या इराणच्याच सैन्यदलाने दोन क्षेपणास्त्रांनी ते पाडलं. सुलेमानींच्या अंत्ययात्रेला लाखो लोक जमले होते, आणि आता, आठवडाही उलटला नसताना, विद्यार्थी अमिर कबीर विद्यापीठाच्या परिसरात उतरले ते आपल्याच सरकारविरुद्ध. 'आपला शत्रू इथेच आहे, ते खोटं सांगतात की अमेरिका आहे' ही घोषणा इराणच्या रस्त्यांवर आधीही ऐकू आली होती. त्या जानेवारीत ती पुन्हा घुमली. ज्याने पाडलं आणि जो खोटं बोलला त्याच्यावर राग. दोन्ही वेळा.

हेच तेहरान सप्टेंबर २००१मध्येही दिसलं होतं. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर तिथल्या चौकांत तरुण मुलामुलींनी मेणबत्त्या पेटवून मृतांना श्रद्धांजली वाहिली होती.

इराणबाहेरही तीच कसोटी लावता येते. कोसोव्होत बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, आणि तिथल्या राजधानीत, प्रिस्टिनामध्ये, बिल क्लिंटन यांच्या नावाचा रस्ता आहे, त्यावर त्यांचा पुतळा आहे. २००९मध्ये अनावरणाला क्लिंटन स्वतः गेले होते. १९९९मध्ये नाटोने सर्बियन फौजांवर बाँबफेक केली म्हणून हे प्रेम. जगात सर्वाधिक मुसलमान असलेल्या इंडोनेशियात प्यू या संस्थेच्या पाहण्यांनुसार अमेरिकेबद्दल चांगलं मत असणारे २००२मध्ये ६१ टक्के होते. इराकवरच्या आक्रमणानंतर, २००३मध्ये, ते १५ टक्क्यांवर आले. त्सुनामीनंतर अमेरिकी नौदलाने तिथल्या आचे प्रांतात मदत पोचवली आणि २००५मध्ये आकडा ३८वर गेला. लहानपणी जकार्तात राहिलेले ओबामा अध्यक्ष झाल्यावर २००९मध्ये तो ६३ झाला. सात वर्षांत कुराणातलं एक अक्षर बदललेलं नाही.

इथवर मी रॉन पॉल यांच्या बाजूने बोललो. पण या बाजूच्या मांडणीत एक मोठी पोकळी आहे, आणि ती झाकून ठेवली तर समोरच्याला आपलं काहीच पटणार नाही.

राग धोरणांवर असेल तर तो सगळ्यांच्या धोरणांवर सारखा का नाही? १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराने बंगाली माणसं मारली, हिंदू मारले आणि मुसलमानही मारले. त्या वेळी ढाक्यातले अमेरिकी महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी आपल्याच सरकारचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला पाठवली. तेवढं धैर्य त्या काळी एकाही बड्या मुस्लिम सरकारने दाखवलं नाही. बहुतेकांनी पाकिस्तानची पाठराखण केली. सीरियाचे अध्यक्ष हाफिज अल असाद यांच्या लष्कराने १९८२मध्ये हमा शहर उद्ध्वस्त केलं, तेव्हा कुठे दूतावास पेटले नाहीत. जुलै २०१९मध्ये शिनजियांगमधल्या चीनच्या धोरणाची भलामण करणारं पत्र ३७ देशांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलं. त्यात सौदी अरेबिया, पाकिस्तान, इजिप्त होते. उइगुर मुसलमान छावण्यांत कोंडले जात असताना.

याचा अर्थ राग खोटा असतो असा नाही. खऱ्या रागाचं भांडवल करणारे लोक असतात, आणि कुठला राग पेटता ठेवायचा, कुठला विझवायचा हे बऱ्याच अंशी तेच ठरवतात. इराणमध्ये हे स्पष्ट दिसतं. २८ मोर्दादची आठवण इस्लामी प्रजासत्ताक दरवर्षी अमेरिकेविरुद्ध वापरतं. पण त्या दिवशी धर्मगुरू कुठे होते? राष्ट्रीयीकरणात मोसादेघांचे साथीदार असलेले आयातुल्ला काशानी उठावाच्या आधीच त्यांना सोडून गेले होते आणि आयातुल्ला बेहबहानींनी शहांच्या बाजूने माणसं रस्त्यावर उतरवली होती. तेहरानच्या दक्षिणेपासून उत्तरेच्या डोंगरापर्यंत जाणारा, चिनारांची दुतर्फा रांग असलेला लांबच लांब रस्ता शहांच्या काळी पहलवी रस्ता होता. क्रांतीनंतर लोकांनी त्याला मोसादेघांचं नाव दिलं. नव्या सत्तेला ते फार काळ चाललं नाही. रस्ता वली-ए-अस्र झाला, बाराव्या इमामाच्या नावाचा. १९८१मध्ये मोसादेघांच्या नॅशनल फ्रंट या राजकीय आघाडीवर तुटून पडताना खोमेनींनी त्यांच्या मुसलमान असण्यावरच शंका घेतली. मोसादेघांवर झालेला अन्याय त्यांना हवा होता, मोसादेघ नको होते.

म्हणून मला अमेरिकी डाव्या विचारवंतांचा एक सूर खटकतो. इराणी राज्यकर्त्यांच्या प्रत्येक कृत्याचं मूळ ते वॉशिंग्टनमध्ये शोधतात. सप्टेंबर २०२२मध्ये महसा अमिनी नावाची बावीस वर्षांची मुलगी हिजाबच्या नियमावरून पोलिसांच्या ताब्यात असताना गेली, तिचं मूळ १९५३मध्ये नाही. तिच्यासाठी रस्त्यावर आलेल्या मुलींना 'तुमच्यावर साम्राज्यवादाने अन्याय केला' असं सांगणं म्हणजे त्यांच्या दारातल्या पोलिसाला पाठीशी घालणं आहे.

आणि हिंसा तर आणखी वेगळी. ओसामा बिन लादेनने १९९६ आणि १९९८च्या जाहीरनाम्यांत सौदी भूमीवरचं अमेरिकी सैन्य, इराकवरचे निर्बंध, पॅलेस्टाईन ही कारणं दिली. ही कारणं कोट्यवधी लोकांना खरी वाटत होती. इराकी मुलांच्या मृत्यूंबद्दल विचारल्यावर ऑलब्राइट यांनी १९९६मध्ये टीव्हीवर दिलेलं 'ही किंमत मोजण्यासारखी आहे' हे उत्तर अरब जगात ऐकलं गेलंच होतं; प्रश्नात सांगितलेला पाच लाखांचा आकडा पुढे चुकीचा ठरला, पण उत्तर तर दिलं गेलं होतं. तरी या कारणांपासून ७ ऑगस्ट १९९८ला नैरोबीच्या भर वस्तीत बाँबचा ट्रक उडवण्यापर्यंत कुठलाही रस्ता जात नाही. त्या दिवशी नैरोबी आणि दार-ए-सलाममध्ये २२४ माणसं मेली, त्यात अमेरिकी फक्त बारा. बाकी बहुतेक आफ्रिकी: कारकून, विद्यार्थी, रस्त्यावरून जाणारे. तक्रार कोट्यवधींची असते, तिच्या नावावर माणसं मारायचा निर्णय मूठभरांचा आणि त्यांच्या विचारसरणीचा. बुश यांनी या दोन्हींची गल्लत केली, आणि बिन लादेनलाही नेमकी तीच गल्लत हवी होती.

मुंबईने हा फरक प्रत्यक्ष पाहिला आहे. २६/११च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना दफनासाठी जागा द्यायला मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला. ९२-९३च्या दंगलींची जखम त्या वस्त्यांतून गेलेली नव्हती. तक्रारी होत्या, खऱ्या होत्या. त्या तक्रारींचं वकीलपत्र कराचीहून होडीतून आलेल्या बंदूकधाऱ्यांना त्यांनी दिलं नव्हतं, आणि हे त्यांनी कृतीने सांगितलं.

भारतीय वाचकाला खरं तर हा सगळा विषय आतून कळायला हवा, कारण अमेरिकेवर रागावण्याचा आपलाही इतिहास आहे. १९६५ नंतरच्या दुष्काळी वर्षांत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाच्या बोटी अडवून-अडवून सोडल्या. व्हिएतनामवरून भारत टीका करतो ही त्यांची एक तक्रार होती. रेशनच्या रांगेत तांबड्या गव्हासाठी उभे राहिलेल्या महाराष्ट्रातल्या पिढीला तो अपमान ठाऊक आहे. बांधाबांधावर माजलेलं गाजर गवत त्याच गव्हातून आलं, असं आजही गावोगाव सांगतात. वनस्पतीच्या प्रवासाची तपशीलवार शहानिशा कुणी केलेली नसते, पण राग जिथे रुजतो तिथे अशा गोष्टीही रुजतात. डिसेंबर १९७१मध्ये निक्सन यांनी एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली. सातव्या आरमाराचं नाव काढलं की त्या वयाचे लोक आजही ताठ होतात. त्या काळी भारतात अमेरिकेविरुद्ध जो सार्वत्रिक रोष होता त्याचं मूळ कुणी भगवद्गीतेत शोधलं नाही. 'हिंदूंचा राग' असा विषय घेऊन कुणी व्याख्यानं दिली नाहीत. सगळ्यांना समजत होतं की हा एका धोरणावरचा राग आहे. धोरण बदललं तसा तो ओसरलाही. २००८च्या अणुकरारापर्यंत त्याच देशात अमेरिकेबद्दल उत्सुकता आणि आपुलकी दिसू लागली होती. स्वतःच्या बाबतीत आपण जे गृहीत धरतो ते इराण्याला किंवा इंडोनेशियनाला नाकारायचं कारण काय?

आणि आता भारत स्वतः एक मोठी सत्ता आहे. शेजाऱ्यांच्या लेखी आपण अमेरिकेच्या जागी आहोत, हे आपल्याला अजून नीटसं जाणवलेलं नाही. २०१५मध्ये नेपाळच्या सीमेवर पाच महिने मालवाहतूक अडली. भूकंपातून नुकत्याच सावरणाऱ्या काठमांडूत लोक सिलिंडर आणि पेट्रोलसाठी रांगा लावून उभे होते. नाकेबंदी आपण केलीच नाही, नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या आंदोलनामुळे वाहतूक थांबली, असं दिल्लीचं म्हणणं होतं. नेपाळमध्ये ते फार थोड्यांना पटलं. हा देश बहुसंख्य हिंदूंचा आहे. तरी तो चिडला.

बांगलादेशात ५ ऑगस्ट २०२४ला शेख हसीना देश सोडून भारतात आल्या आणि तिथला भारतविरोध उफाळून वर आला, तेव्हा आपल्याकडची प्रतिक्रिया जुलियानींना शोभणारी होती: हे कृतघ्न आहेत, हे धर्मांध आहेत. धर्मांध तिथे आहेत. हिंदूंच्या घरांवर, मंदिरांवर हल्ले झाले, आणि त्यांना भारताच्या कुठल्याही धोरणाने सूट मिळत नाही. त्या कुटुंबांच्या सुरक्षिततेचा प्रश्न दिल्लीने ढाक्यापुढे दर भेटीत, न संकोचता मांडला पाहिजे. पण ढाका विद्यापीठातला जो विद्यार्थी जमाते इस्लामीवाला नाही, ज्याला १९७१चा अभिमान आहे, तो भारतावर का चिडला हे विचारल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. विरोधकांनी बहिष्कार घातलेली २०१४ची निवडणूक, मतपेट्या आदल्या रात्रीच भरल्याचे आरोप झालेली २०१८ची निवडणूक, पुन्हा बहिष्कारातली २०२४ची निवडणूक: तिन्ही वेळा हसीनांच्या पाठीशी सर्वांत ठामपणे उभा राहिला तो भारत. सीमेवरच्या गोळीबारात गावकरी मरत राहिले. तीस्तेच्या पाण्याचा करार २०११मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला निघाले असताना ममता बॅनर्जींच्या विरोधामुळे अडला, तो अडलेलाच आहे. आपण एका व्यक्तीशी मैत्री केली आणि देशाशी केली असं समजलो. शहांच्या बाबतीत अमेरिकेने अगदी हेच केलं होतं.

चुका मान्य केल्याने समोरचे कट्टर लोक विरघळतात असं मी मानत नाही. ऑलब्राइट यांची २०००ची कबुली इराणचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनी यांनी काही दिवसांतच झिडकारली. पण कबुली आणि दुरुस्ती ही कट्टरांसाठी करायची नसते. त्यांच्या हातातलं भांडवल कमी करण्यासाठी आणि ज्यांचं मत अजून ठरायचं आहे त्यांच्यासाठी ती करायची असते. आणि ही कामं बहुतेक वेळा रुक्ष, कागदोपत्री असतात. गंगेच्या पाणीवाटपाचा भारत-बांगलादेश करार १२ डिसेंबर १९९६ला झाला, तो तीस वर्षांचा. फरक्क्याच्या बंधाऱ्यातून कोरड्या महिन्यांत किती पाणी सोडायचं याचे दहा-दहा दिवसांचे तक्ते त्यात आहेत. २०२६च्या डिसेंबरमध्ये त्याची मुदत संपते. बांगलादेशातल्या राजशाहीच्या शेतकऱ्याचं भारताबद्दल जे काही मत बनेल ते मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या नदीच्या पात्रात येणाऱ्या पाण्यावरून बनेल, आणि ते तक्ते लिहिण्यात आपला निम्मा वाटा आहे.